उन्हाळ्यातले गरोदरपण आणि रात्रीची झोप

पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत आपल्याकडे अजून टिकून आहे. सातवा लागला की लेक माहेरी येते. ती पुण्याहून, बंगळुरूहून किंवा थेट परदेशातून आलेली असते आणि तिचे माहेर ग्वाल्हेरात असते. हे माहेरपण एप्रिल-मे-जूनमध्ये आले की आठवड्याभरात एक तक्रार सुरू होते: रात्री झोपच लागत नाही. दुपारी पारा ४४-४५ च्या घरात, रात्री बारालाही भिंतींना हात लावला तर गरम, पोटाचा भार, दर दोन तासांनी लघवी. घरातल्या मोठ्यांचे उत्तर ठरलेले असते, ‘या दिवसांत असंच असतं गं.’

ते अर्धेच खरे आहे. शेवटच्या तीन महिन्यांत झोप तुटक होते हे बरोबर. पण उकाड्यामुळे जी झोप जाते, तिच्यातली बरीचशी घरातल्या माणसांना परत मिळवून देता येते. त्यासाठी खोली, पाणी आणि उशा यांची नीट व्यवस्था लावावी लागते आणि दोन-चार जुने नियम बाजूला ठेवावे लागतात. ही माहिती मुख्यतः ग्वाल्हेरच्या कोरड्या उन्हाळ्यासाठी लिहिली आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, गोवा येथील कुटुंबांना काय बदलावे लागेल, तेही ओघात येईल. जिला रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड किंवा दुसरा काही त्रास आहे तिने आपल्या डॉक्टरांचे सांगणे आधी ऐकावे.

तिलाच जास्त का उकडते

‘आम्हाला तर एवढं उकडत नाही’ असे सासर-माहेरची मंडळी म्हणतात, तेव्हा ती खोटे बोलत नसतात. गरोदरपणात अंगातल्या रक्ताचे प्रमाण सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, हृदयाला जास्त काम पडते आणि कातडीकडे जास्त रक्त जाते, म्हणून हातपाय सतत गरम वाटतात. त्यात पोटातले बाळ स्वतः उष्णता तयार करते. बाळाचे तापमान आईपेक्षा साधारण अर्धा अंश अधिक असते आणि ही जादा उष्णता आईच्याच अंगातून बाहेर पडायची असते. म्हणजे एकाच खोलीत, एकाच पंख्याखाली झोपलेल्या माय-लेकींना वेगवेगळा उकाडा लागतो.

झोपेशी याचा संबंध सरळ आहे. झोप लागायच्या सुमारास शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते. ते हातापायांच्या कातडीतून आणि घामातून उतरते. खोली तापलेली असेल, गादी गरम असेल आणि घाम वाळायला वाराच नसेल, तर ही उतरण होत नाही आणि झोप डोळ्यांपर्यंत येऊन परत जाते. पहाटे चारला गारवा आला की मग गाढ झोप लागते, आणि सहाला घरात भांडी वाजायला लागतात.

हा प्रश्न नुसत्या कुरकुरीचा नाही. उष्णतेच्या लाटांच्या काळात मुदतीआधी प्रसूती होण्याचे प्रमाण वाढते, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. शेवटच्या महिन्यात रोज सहा तासांहून कमी झोप आणि लांबलेल्या कळा यांचाही संबंध आढळला आहे. घाबरून जाण्यासारखे यात काही नाही, पण ‘चालायचंच’ म्हणून सोडून देण्यासारखेही नाही.

आपल्या गावचा उकाडा कोणता?

उन्हाळा सगळीकडे एकसारखा नसतो, आणि एका गावचा उपाय दुसऱ्या गावात उलटतो. ग्वाल्हेरचा उन्हाळा कोरडा आहे. लू वाहते, ओठ फुटतात, घाम आल्याआल्या वाळतो, त्यामुळे किती पाणी गेले ते कळतच नाही. अशा हवेत पाणी हेच औषध: कूलर, वाळ्याचे पडदे, ओला टॉवेल, सगळे चालते. गोव्याला पारा ३३-३४ च्या वर फारसा जात नाही, पण हवा इतकी दमट की घाम अंगावरच राहतो. तिथे कूलर लावला तर खोली आणखी चिकट होते. तिथे पंखा, समोरासमोरच्या उघड्या खिडक्या आणि जमल्यास एसी. बडोद्यात दोन्ही प्रकार आहेत. मेच्या मध्यापर्यंत कूलर कामाला येतो, पावसाचे ढग जमू लागले की निरुपयोगी होतो. हैदराबादचेही थोडेफार तसेच.

इंदूरकर या बाबतीत सुदैवी. माळव्याच्या पठारामुळे तिथल्या रात्री उतरतात. ‘शब-ए-मालवा’चे कौतुक उगाच झालेले नाही. हल्ली सिमेंटच्या वस्तीत ते कौतुक कमी झाले आहे, तरी रात्री दहानंतर खिडक्या उघडल्या तर बहुतेक काम होते. बेळगावकरांनी हा परिच्छेद वाचून हसावे आणि पुढे जावे.

गोव्याहून ग्वाल्हेरला आलेली लेक सवयीने दिवसभर खिडक्या उघड्या ठेवते आणि खोली भट्टी करून घेते. ग्वाल्हेरची सून गोव्यात खिडक्या बंद करून बसते आणि गुदमरते. माहेरी आल्यावर पहिले दोन दिवस हे समजावून सांगण्यातच जातात.

खोली

घरातली सगळ्यात थंड खोली तिला द्यावी. हे वाचायला सोपे आहे, पण प्रत्यक्षात लेकीला तिची लग्नाआधीची खोली मिळते आणि ती बहुधा वरच्या मजल्यावर, गच्चीच्या खाली असते. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. लश्करातल्या जुन्या वाड्यांच्या दगडी, जाड भिंतींना तापायला वेळ लागतो, म्हणून त्यांच्या तळमजल्यावरच्या खोल्या मेमध्येही बऱ्या असतात. नव्या फ्लॅटमध्ये पश्चिमेची भिंत सगळ्यात वाईट. दुपारचे ऊन खाल्लेली ती भिंत मध्यरात्रीपर्यंत श्वास सोडते. तेव्हा तळमजला, उत्तर किंवा पूर्व बाजू आणि जवळ संडास-मोरी एवढे पाहावे. बैठकीची खोली त्यात बसत असेल तर दोन महिने पाहुण्यांना दुसरीकडे बसवावे.

वरचीच खोली द्यावी लागणार असेल तर गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्यावा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर गच्चीवर पाणी शिंपडण्याची आपली जुनी पद्धत उपयोगी आहे, मात्र पाण्याची टंचाई असेल तर चुना जास्त शहाणपणाचा.

खिडक्यांचा नियम एकच: बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार असेल तेव्हाच उघडायच्या. ग्वाल्हेरात मेमध्ये ही वेळ साधारण रात्री नऊ-दहानंतर येते आणि सकाळी आठपर्यंत संपते. त्यानंतर खिडक्या बंद आणि जाड पडदे ओढलेले. पडदा खिडकीच्या बाहेरून असेल तर अधिक उत्तम, कारण आतला पडदा ऊन अडवतो ते खोलीत आल्यावर. वाळ्याचे पडदे मिळाले तर बाहेरूनच लावावेत व दुपारी ओले करावेत. खोलीत एक साधा थर्मामीटर टांगून ठेवा. ‘आज कालच्यापेक्षा बरंय’ या अंदाजावर भांडणे होतात, काट्यावर होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना उष्णतेच्या दिवसांत खोली दिवसा ३२ आणि रात्री २४ अंशांखाली ठेवायला सांगते. ग्वाल्हेरच्या मेमध्ये एसीशिवाय २४ होणे नाही, पण २८-२९ पर्यंत आणता आली तरी झोपेत पुष्कळ फरक पडतो.

गादी हा विसरला जाणारा विषय. हल्लीच्या फोमच्या गाद्या अंगाची उष्णता धरून ठेवतात. त्यावर कापसाची पातळ गादी आणि धुवून मऊ झालेली सुती चादर घालावी. पाणमोट फुटली तर म्हणून आईने आठव्यापासूनच रबरी कापड पसरलेले असते; ते पाठीला चिकटते आणि घामाने बाई निथळते. घालायचेच तर सुती गादीच्या खाली घालावे. जमिनीवर चटई टाकून झोपणे थंड असते खरे, पण आठव्या-नवव्यात जमिनीवरून उठणे कठीण जाते. नवारीचा पलंग हवेशीर असतो, मात्र सैल पडलेली नवार कंबरेचा जीव घेते, म्हणून ताणून घ्यावी.

गच्चीवर झोपावे का? ज्यांनी लहानपणी झोपून काढले आहे त्यांना हा मोह होतोच. हवा उत्तम असते, पण लघवीसाठी रात्रीतून चार वेळा अंधारात जिना उतरायचा म्हणजे पडण्याची भीती. गच्चीवरच संडास असेल, दिवा असेल, मच्छरदाणी असेल आणि सोबत कोणी असेल तर हरकत नाही.

कूलर, पंखा, एसी

आपल्याकडे बहुतेक घरांत कूलरच आहे आणि तो बहुतेक घरांत चुकीचा लावलेला आहे. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून ओढतो. पाणी वाळताना हवा थंड होते. ग्वाल्हेरच्या कोरड्या दुपारी तो १० ते १५ अंशांचा फरक पाडू शकतो. पण त्यासाठी त्याची पाठ खिडकीबाहेर हवी आणि समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार चार बोटे उघडे हवे. खोलीत मधोमध कूलर ठेवून दारे-खिडक्या बंद केल्या तर तो तीच ओली हवा फिरवत राहतो, तासाभरात चादर दमट लागते आणि दोष कूलरला दिला जातो.

पहाटे दोन-तीननंतर बाहेरची हवा बरीच उतरलेली असते. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा, नाहीतर पहाटे अंग आखडून जाग येते. हे काम तिने उठून करायचे नाही. नवऱ्याने किंवा आईने गजर लावावा, किंवा टायमर बसवून घ्यावा. कूलरचा झोत सरळ तोंडावर नको. गरोदरपणात नाक चोंदलेले असतेच, कोरड्या झोताने घसाही धरतो. पायांच्या बाजूने वारा आलेला बरा.

कूलरच्या टाकीबद्दल दोन गोष्टी कडक पाळाव्यात. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, बाजू घासून, वाळवून मग भरावी. डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि ती टाकीच्या भिंतीला चिकटून राहतात, म्हणून नुसते पाणी बदलून भागत नाही. गरोदरपणात डेंगी होणे फार महागात पडते. दुसरे, पाणी भरताना आधी प्लग काढावा, अर्थिंग तपासून घ्यावे, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी पायांनी तिने कूलरला हात लावू नये. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्या आपल्याच शहरातून येतात.

नुसता पंखा असेल तर लक्षात ठेवावे, खोली ४० च्या वर गेली की कोरड्या अंगावर पंखा गरम हवाच मारतो. तेव्हा मान, हात आणि पोटऱ्या ओल्या फडक्याने पुसून मग पंख्याखाली बसावे. रात्री वीज गेली तरी हाच उपाय, म्हणून उशाशी पाण्याचा तांब्या, एक टॉवेल आणि हातपंखा असू द्यावा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर टीव्हीऐवजी तिच्या खोलीतला पंखा जोडलेला आहे ना, ते उन्हाळ्याआधी पाहावे.

एसी असेल तर २६ वर ठेवून सोबत पंखा मंद चालू ठेवावा. एसीच्या हवेने बाळाला काही होत नाही. १८ वर लावून पांघरुणात गुरफटणे आणि मग लघवीला उठून तापलेल्या बोळातून जाणे, यानेच जास्त त्रास होतो.

पाणी केव्हा प्यावे

कमी पाणी प्यायले की लघवीला कमी उठावे लागेल, हा हिशोब जवळजवळ प्रत्येक गरोदर बाई करते, आणि तो चुकतो. पाणी कमी पडले की लघवी दाट होते, जळजळते, संसर्ग होतो, आणि मग उलट जास्त वेळा उठावे लागते. अंगातले पाणी फार कमी झाले तर पोट आवळल्यासारख्या कळाही येतात आणि घरात धावपळ होते. पाणी तोडायचे नाही, वेळ बदलायची. सकाळी उठल्यापासून संध्याकाळी सहा-सातपर्यंत भरपूर, साधारण दहा-बारा भांडी किंवा तहान असेल तसे अधिक. त्यानंतर घोट घोट. रात्री जाग आल्यावर तहान लागली असेल तर मात्र निमूट प्यावे. लघवी फिकट गवतासारखी असेल तर पाणी पुरते आहे. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने ती पिवळीधमक होते, तेवढे सोडून द्यावे.

रात्रीच्या लघवीमागे आणखी एक कारण असते. दिवसभर पायांत उतरलेले पाणी आडवे झाल्यावर परत रक्तात येते आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकू लागते. म्हणून झोपायच्या वेळेआधी, संध्याकाळीच, तासभर डाव्या कुशीवर पडून पाय उशीवर ठेवावेत. ते पाणी नऊच्या आत निघून जाते आणि रात्रीची एखादी खेप वाचते. हा उपाय फुकट आहे आणि फारच कमी घरांत माहीत आहे.

पन्हे, कोकम सरबत, ताक, सब्जा घातलेले लिंबूपाणी, सगळे चांगले. पण जिची साखर वाढलेली आहे तिला गोड पन्हे आग्रहाने पाजू नये, आणि रक्तदाब असेल तर ताकात मीठ बेताचे. गाड्यावरचा उसाचा रस, बर्फाचा गोळा, लग्नातले पाणी हे तिच्यासाठी बंद. दूषित पाण्यातून येणारी ‘ई’ प्रकारची कावीळ इतरांना आठवडाभर झोपवते, पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. घरी माठातले, उकळून किंवा गाळून शुद्ध केलेले पाणी द्यावे. ‘गार पाणी पिऊ नको, बाळाला सर्दी होईल’ यात तथ्य नाही. पोटात गेलेले पाणी बाळापर्यंत पोचेतो अंगाएवढेच गरम झालेले असते.

कूस, उशा आणि आजीचे नियम

सातव्या महिन्यानंतर, म्हणजे २८ आठवड्यांपासून पुढे, झोपताना कुशीवर झोपावे. उताणे झोपले की गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्याजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतो आणि हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. कुशीवर झोप लागलेल्या बायकांत बाळ पोटात दगावण्याचा धोका कमी असतो, असे अभ्यासांत आढळले आहे. डावी कूस की उजवी, याची मात्र फार चिंता नको. दोन्ही चालतात. जळजळ होत असेल तर डावी बरी. रात्री जाग आली आणि आपण उताण्या आहोत असे दिसले, तर घाबरायचे कारण नाही, कुशीवर वळावे आणि परत झोपावे. महत्त्व आहे ते झोप लागताना कशी पडलो याला.

इथे आजीचा एक नियम आडवा येतो: ‘एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर सरळ वळू नकोस, उठून बस आणि मग वळ, नाहीतर बाळाला नाळ गुंडाळते.’ महाराष्ट्रातून आपल्या पणज्यांबरोबर आलेला हा समज ग्वाल्हेरातही तितकाच पक्का आहे. आईच्या वळण्याने नाळ गुंडाळत नाही. बाळ आतल्या पाण्यात स्वतः फिरते, त्यात काही वेळा नाळ मानेभोवती येते, आणि बहुतेक वेळा त्याने काही बिघडतही नाही. पण हा नियम पाळणारी बाई रात्रीतून आठ-दहा वेळा पूर्ण जागी होऊन उठून बसते. तिच्या झोपेचे एवढे नुकसान दुसऱ्या कशाने होत नसेल. आजीला दुखवायचे नसेल तर तपासणीच्या वेळी तिला सोबत न्यावे आणि हा प्रश्न तिनेच डॉक्टरांना विचारावा. घरात सुनेने किंवा नातीने सांगितलेले पटत नाही, तेच डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले पटते.

उशा तीन हव्यात: एक पोटाखाली, एक दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये, एक पाठीमागे टेकू. परदेशातून येताना काही मुली आख्ख्या अंगाला वेढणारी मोठी उशी आणतात. थंडीत ती छान असते. आपल्या मेमध्ये ती अंगाभोवती गोधडी गुंडाळल्यासारखी होते. जुन्या नऊवारीची घट्ट वळकटी केली की गुडघ्यांमधली उशी तयार. ती हवा खाते आणि रोज धुताही येते.

कपडे सैल, सुती, कमरेला नाडीची काच नसलेले. झोपण्याआधी कोमट किंवा साध्या पाण्याने अंघोळ करावी. फ्रिजच्या पाण्याने नको, कारण त्याने कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि थोड्या वेळाने अधिकच उकडते. टाळूला खोबरेल चोळावे, त्याने बरे वाटते. अंगभर तेल थापणे मात्र उन्हाळ्यात टाळावे, घामोळे वाढते.

जेवण, गोळ्या, दुपारची डुलकी

रात्रीचे जेवण आठपर्यंत, थोडे आणि साधे, आणि जेवण व झोप यांत दोन-अडीच तास. ताक-भात, मुगाची खिचडी, दुधीची भाजी, भाकरी. ग्वाल्हेरकरांच्या उशिराच्या जेवणावर आणि तिखट-तळलेल्यावर अधिक लिहीत नाही. भूक लागून पहाटे जाग येत असेल तर झोपताना कपभर दूध व मूठभर भाजलेले मखाणे. दही रात्री खाल्ल्याने बाळाला काही होत नाही; ज्याला सोसते त्याने खावे.

लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नये, कॅल्शियम लोहाला अंगी लागू देत नाही. दोन्हींत किमान दोन तास हवेत. लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा नाही. चौथ्या महिन्यापासून या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. हे झोपेच्या लेखात येण्याचे कारण असे, की रात्री अंथरुणात पडले की पाय शिवशिवतात, हलवल्याशिवाय राहवत नाही, ही तक्रार पुष्कळदा लोह कमी पडल्याची खूण असते. डॉक्टरांना ती स्पष्ट सांगावी. ‘पाय दुखतात’ एवढेच सांगितले तर ती दुखण्यात जमा होते. पोटरीत गोळा आला तर पायाचा पंजा आपल्याकडे ओढून धरावा. पंजा पुढे ताणला तर गोळा आणखी आवळतो.

चहा-कॉफी दुपारी चारनंतर नको. दुपारची झोप उन्हाळ्यात घ्यावी. आयुर्वेदानेही दिवसा झोपायची मोकळीक ग्रीष्मातच दिली आहे. मात्र ती तीनच्या आत आणि पाऊण तासापर्यंत. पाचपर्यंत झोपले तर रात्री बारालाही डोळे टक्क उघडे राहतात. झोपेची गोळी, मग ती आयुर्वेदिक असो वा ‘साधीच’ म्हणून दुकानदाराने दिलेली, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. डासांसाठी मच्छरदाणी सगळ्यात चांगली. बंद खोलीत कॉइलचा धूर नको.

मेमधले डोहाळजेवण

सातव्या महिन्यातले डोहाळजेवण भर मेमध्ये दुपारी बाराला, हिरव्या शालूत, फुलांचे दागिने घालून, तीन तास फोटो. त्या रात्री तिची झोप गेलेलीच असते, आणि कधी कधी चक्करही येते. समारंभ सूर्य मावळल्यावर ठेवावा. चांदण्यातले डोहाळजेवण ही आपलीच जुनी हौस आहे, ती ग्वाल्हेरच्या गच्चीवर फार शोभते. साडी हिरवीच हवी तर हलकी चंदेरी घ्यावी. चंदेरी आपल्या दारातली, आणि तिच्याइतकी हवेशीर भरजरी साडी दुसरी नाही. इंदूरकरांनी महेश्वरी घ्यावी. ओटी भरायला येणाऱ्या बायकांची रांग मोठी असेल तर तिला खुर्चीवर बसवून, बाजूला पंखा ठेवून, दर अर्ध्या तासाने पाणी देण्याचे काम एका जावेला किंवा मावशीला नेमून द्यावे.

रात्रीच डॉक्टरांना फोन करावा, असे केव्हा

उकाड्याच्या नावाखाली काही खुणा दडून जातात, त्या घरातल्या प्रत्येकाला माहीत हव्यात.

तळहात आणि तळपायांना रात्री फार खाज सुटते, पण पुरळ दिसत नाही. हे घामोळे नव्हे. शेवटच्या महिन्यांत यकृतातील पित्ताच्या बिघाडाने असे होते, बाळाला त्यापासून धोका असू शकतो आणि साध्या रक्तचाचणीने ते कळते. दुसऱ्या दिवशीच दाखवावे.

पायांवर थोडी सूज उन्हाळ्यात सगळ्यांनाच येते. पण तोंड आणि हात सुजले, अंगठी निघेना, डोके सतत दुखते, डोळ्यांपुढे चमकते किंवा अंधारी येते, बरगड्यांखाली दुखते, तर रक्तदाब वाढलेला असू शकतो. सकाळची वाट पाहू नये. नव्याने सुरू झालेले मोठे घोरणे, मध्येच श्वास अडकल्यासारखी जाग, हेही पुढच्या तपासणीत सांगावे.

बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर ‘उकाड्याने बाळही सुस्तावलं’ असे म्हणून झोपायचे नाही. लगेच फोन, लगेच तपासणी. पाणी जाणे, रक्त दिसणे, ठरावीक अंतराने पोट आवळणे यांनाही हाच नियम.

अंग तापून ताप १०२ च्या वर, घाम थांबलेला, बडबड किंवा गुंगी, वारंवार उलट्या, ही लू लागल्याची लक्षणे आहेत. १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत तिला सावलीत कुशीवर झोपवून, कपडे सैल करून, अंगभर ओले कापड ठेवून पंखा घालत राहावे. गुंगीत असेल तर तोंडात पाणी ओतू नये. १०८ ही सेवा मध्य प्रदेशात आहे, तशीच गुजरात, गोवा, कर्नाटक आणि तेलंगणातही आहे.

डॉक्टरांचा रात्रीचा नंबर, तपासणीची फाइल आणि घरापासून दवाखान्यापर्यंत गाडी कोण नेणार त्याचे नाव, हे सगळे एका कागदावर लिहून तिच्या खोलीच्या दारामागे चिकटवावे. माहेरी आलेल्या मुलीला इथला दवाखाना नवा असतो, आणि रात्री दोन वाजता चष्मा शोधत असलेल्या वडिलांना फोनमधला नंबर सापडत नाही.